फोनवरच्या बाईला थांब म्हटलं तेव्हा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यापुढचं सगळं ऑइल इंजिनांनी शिकवलं. विहिरीवरची, ओढ्याकाठची, नदीकाठची इंजिनं दुरुस्त करत मी पन्हाळ्यापासून कागलपर्यंत आधी सायकलवर आणि मग मोपेडवर फिरलो. इंजिन चालू असताना शेजारी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, व्हॉल्व्ह वाजतोय, का नोझल गळतंय, का मालकानं ऑइलच घातलेलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच, पण मुद्दा वेगळा आहे. जन्मभर मशीनचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला म्हातारपणी एक मशीन ओळखता आलं नाही. ते बाईच्या आवाजात बोलत होतं.

आधी फोनचं सांगतो. नव्वदनंतरच्या वर्षांत आमच्या कसबा बावड्यातल्या गल्लीत पहिला फोन माझ्या घरी आला. काळा नव्हे, तांबडा. बायकोनं त्याच्यावर विणलेला रुमाल घातला. सगळ्या गल्लीनं तो नंबर आपापल्या पैपाहुण्यांना देऊन ठेवला. लग्नपत्रिकेत माझा नंबर आणि पुढं पीपी, म्हणजे शेजाऱ्याचा फोन, बोलवून देतील. आणि आम्ही बोलवून द्यायचो. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायचा, "धरून ठेवा पावणं" म्हणायचं आणि चार घरं पलीकडं जाऊन हाक मारायची. तो माणूस हातातलं काम टाकून येईपर्यंत पलीकडचा धरून ठेवायचा.

माझ्या घरचा एक नियम होता. आपण होऊन फोन ठेवायचा नाही. समोरचा ठेवेल तेव्हा ठेवायचा. फोनवर आलेला माणूस म्हणजे उंबऱ्यात आलेला माणूस. तो बोलत असताना दार लावून घ्यायचं, असलं आमच्यात नाही. एकदा सोलापूरकडच्या एकाचा चुकून फोन लागला. त्याला बियाण्याचं दुकान पाहिजे होतं. मी म्हटलं, दुकान न्हाय, पर बोला. तो पिकापाण्याचं बोलला, मी इंजिनांचं बोललो. शेवटी तोच म्हणाला, "ठेवू का मग?" मी म्हटलं, "तुमची मर्जी, पावणं."

मुलीचं लग्न कागलच्या घरात केलं. जावई कुवेतला वेल्डिंगचा सुपरवायझर. दोन-अडीच वर्षांनी तो तिलाही घेऊन गेला. जायच्या आधी पोरीनं मला मोबाइल घेऊन दिला. म्हणाली, "आबा, त्यो तांबडा डबा आता म्हातारा झालाय. ह्यो खिशात ठेवा. मी ह्याच्यावर फोन करतो." आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, करतो, जातो, येतो. पुढं एका पावसाळ्यात तांबड्या फोनची लाईन गेली ती गेलीच. मोबाइल तेवढा राहिला, माझ्या बंडीच्या खिशात.

पोरीचा फोन यायचा तो इंटरनेटच्या वाटेनं. साधा फोन महाग, म्हणून जावई कॉम्प्युटरवरून लावून द्यायचा. त्याचा आकडा कधी हातभर लांब, कधी इवलासा, कधी पुढं अधिकचं चिन्ह आणि मागं शून्यच शून्य. रोज निराळा. मी जावयाला विचारलं, "पावणं, एवढ्या मोठ्या देशात तुमाला एक नंबर मिळंना व्हय?"

"आबा, ह्याला नंबर नसतोयच. जो दिसतोय त्यो खोटा असतोय."

खोट्या नंबरावरून खरी पोरगी बोलते, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही पुरतं कळलेलं नाही. त्यात आवाज पोचायला उशीर. मी विचारावं जेवलीस काय, तर ती सांगणार, "नव्हं आबा, हिकडं पाऊसच पडत न्हाय." ते मागच्या प्रश्नाचं उत्तर असायचं. आम्ही दोघं एकमेकांच्या मागं पळत असल्यासारखं बोलायचो.

अशात त्या बाईचा फोन आला. आकडा असाच, शून्यच शून्य. मी म्हटलं पोरगीच. उचलला. "नमस्कार! आपलं अभिनंदन!" म्हणाली. आवाज गोड, शिकलेला. मी म्हटलं, "नमस्कार. कोण बोलायलाय?" तिनं नाव सांगितलं नाही. गाण्यांचं काहीतरी सांगत राहिली. मी मधेच म्हटलं, "बाई, तुमी कुठल्या?" ती बोलतच होती. मला वाटलं, ही पण परदेशातली, हिच्यापर्यंत माझा आवाज उशिरा पोचतोय. म्हणून मी पुरतं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, गाणं हवं असेल तर एक दाबा. आता उंबऱ्यात येऊन कुणी एवढ्या अदबीनं विचारलं, तर रिकामं कसं पाठवायचं? मी एक दाबलं. ती लगेच धन्यवाद म्हणाली आणि फोन तिनंच ठेवला. मला बरं वाटलं. नियम पाळला गेला.

दोन दिवसांनी पोरीचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येईना. "आबा, तुमच्या फोनमधी बाई नाचायलीया!"

"कोण बाई?"

"मी फोन लावला की रिंगच्या जागी लावणी वाजतीया. म्हातारपणी हे काय लावलासा?"

मी फोन कानाला लावला. काही नाही. फोन हलवला. काही नाही. जो कुणी मला फोन करायचा त्याला लावणी ऐकू यायची, आणि ज्याचा फोन त्याला नाही. बायको म्हणाली, "एक दाबा म्हटल्यावर दाबायला कुणी सांगितलं हुतं?" मी म्हटलं, "तिनंच की!" यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली. ती लावणी पुढं आपोआप बंद झाली म्हणतात. कधी, ते मला कसं कळणार?

त्यानंतर फोन वाढले. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, भविष्य ऐका. कधी बाई, कधी बुवा. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो. सगळे आपलंच बोलायचे. मला वाटायचं, शहरातली माणसं अशीच झाली असतील.

मग निवडणूक आली. दुपारी जेवून पडलो होतो, तर फोन. "नमस्कार, मी बोलतोय." आणि नाव सांगितलं. मी उठून बसलो. आमचे साहेब! सभेत ऐकलेला आवाज, तोच. म्हणाले, "कसे आहात? तुमच्या आशीर्वादाची गरज आहे." मी पाय खाली सोडले, चप्पल घातली. बसून बोलणं बरं दिसेना. म्हटलं, "बरं हाय साहेब. आशीर्वाद हायच की. पर आमच्या गल्लीतल्या गटारीचं तेवढं बघा." साहेब विकासाचं बोलत होते. मला वाटलं, गटार त्यातच आली.

संध्याकाळी दळण घेऊन गिरणीवर गेलो. गिरणीवाला माझा लहानपणापासूनचा दोस्त, मला फिटर म्हणतो. तिथं चार बायका डबे घेऊन बसलेल्या. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "आज साहेबांचा फोन आलता."

"कुणाला?" गिरणीवाल्यानं पट्टा सारखा करत विचारलं.

"मला. समक्ष. बरं हाय का म्हणून इचारलं. गटारीचं घातलंय कानावर."

गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. पिठानं पांढऱ्या झालेल्या त्याच्या तोंडात दात तेवढे दिसले. "फिटर, मलाबी आलता की. मलाबी बरं हाय का म्हणालं."

डबा घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मला तर दोनदा आला बाबा. मी म्हटलं, साहेब, पुन्यांदा कशाला केलासा, देतो की मत."

"टेप हाय रं ती!" गिरणीवाला म्हणाला. "एकदा बोलून ठेवायचं आणि मशीन सगळ्या गावाला लावत सुटतंय. तू टेपला गटार सांगितलास?"

सगळी गिरणी हसली. मी डबा तिथंच ठेवून घरी आलो. बायकोनं विचारलं, "पीठ?" मी म्हटलं, "उद्या." पण त्या दिवशी एकेक फोन आठवून मी आढ्याकडं बघत बसलो. म्हणजे ती अदबीची बाई? तो भविष्यवाला? कुणीच नव्हतं? मग मी नमस्कार म्हटला तो कुणाला? कुणीच नसेल तर बरं हाय का हे विचारलं कुणी? जिवंत माणसाचा आवाज, त्यात श्वास घेतलेला कळतो, हसू कळतं, आणि आत माणूस नाही. इंजिनात असं होत नाही. आवाज आहे म्हणजे आत काहीतरी फिरतंय.

मी ठरवून टाकलं. अनोळखी आकडा दिसला की उचलायचा नाही.

बायको म्हणाली, "अवो, पर पोरीचा फोन असल्याच उलट्यासुलट्या आकड्यावरनं येतोय की."

"तिचा असंल तर ती पुन्यांदा करंल."

"पुन्यांदाबी तुमी उचलणार न्हाईसा."

"मग तिला कळंल, मी उचलत न्हाय म्हणून."

"द्या हिकडं त्यो फोन. मी उचलतो."

"माझ्या नावावर हाय," मी म्हटलं आणि खिशाचं बटण लावलं.

पोरीचे दिवस भरत आले होते तेव्हा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिकडच्या डॉक्टरनं विमानात बसू नको म्हणून सांगितलेलं. बायकोनं डिंक आणून ठेवला होता, तो डब्यात तसाच. ही गोष्ट तिला लागलेली होती, आणि त्यात मी फोन उचलेना.

राहिलेलं पीठ आणायला गेलो तेव्हा गिरणीवाल्यानं स्वतःहून विषय काढला. चिडवायला नव्हे. तो रोज पेपर वाचतो. म्हणाला, "फिटर, असलं फोन बंद करता येत्यात. एका नंबरला फोन लावून सांगायचं, मला नकोत. सरकारच्या यादीत नाव जातंय."

"मला फोन नकोत हे सांगायला मीच फोन लावायचा?"

"व्हय."

"उचलणार कोण?"

"बाई असती."

"माणूस बाई का मशीन बाई?"

त्यानं डोकं खाजवलं. "मशीन."

"आणि इंटरनेटवरनं येत्यात ते बंद होत्यात?"

"त्येंची काय खात्री न्हाय. त्येंचा आकडाच खोटा असतोय, पकडणार कुणाला?"

मी उभ्या उभ्या विचार केला. खोट्या आकड्याचे बंद होत नाहीत म्हणजे बाई चालूच राहणार. आणि खोट्या आकड्याचे बंद झालेच, तर पोरीचाही बंद. दोन्हीकडून मी जिथं होतो तिथंच. "राहू दे ती यादी," म्हटलं आणि डबा उचलला.

फोन खिशात वाजायचा, मी छातीवर हात ठेवून तो थांबायची वाट बघायचो. बायको माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढलं की ताट जरा आपटायची.

मग एका सकाळी व्याही आले, पोरीचे सासरे. कागलहून एसटीनं. मऊ माणूस, कधी आवाज चढवला नाही. पाणी घेतलं, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "पावणं, फोन हरवला काय तुमचा?"

"न्हाय. खिशात हाय."

"बिघडलाय?"

"चांगला चाललाय."

त्यांनी माझ्या खिशाकडं बघितलं. बोलू का नको असं झालं त्यांना. मग म्हणाले, "पोरीला परवा दवाखान्यात घेतलंय. रक्तदाब वाढलाय. ऑपरेशन करून बाळ काढायचं म्हणत्यात. आत नेण्याआधी तिला आईसंगं बोलायचंय. दोन दिस झालं लावायलीया. शेवटाला आमच्या शेजारच्या दुकानात फोन करून पोरानं सांगितलं, तुमी समक्ष जावा म्हणून."

बायको दारातच खाली बसली.

आमच्या मोबाइलवरून परदेशी फोन लागायचा नाही. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर पळालो, व्याह्यांकडून घेतलेला जावयाचा तिकडचा मोबाइल नंबर लावायला सांगितला. एक बाई अरबीत बोलली. मग तीच इंग्रजीत बोलली. मी म्हटलं, "दवाखान्यातली हाय काय? माझी पोरगी तिथं..." बूथवाला म्हणाला, "काका, मशीन हाय. फोन बंद हाय म्हणतीया." तिथंही तीच.

घरी आलो, फोन खिशातून काढून पाटावर ठेवला आणि समोर मांडी घालून बसलो. एका बाजूला बायको, एका बाजूला व्याही.

वाजला. शून्यच शून्य. उचलला. "अभिनंदन! आपल्यासाठी खास प्लॉट." मी थांबलो. ती प्लॉटचे रस्ते सांगायला लागली.

"ठेवा की!" बायको ओरडली.

"ती बोलायलीया."

"अवो, पोरगी तिकडं लावत असंल, फोन अडून बसलाय!"

ते खरं होतं. पण जन्मात कुणाचा फोन मी आपण होऊन ठेवलेला नव्हता, आणि आत माणूस आहे का नाही हे मला अजून कळत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, जरा थांब." ती थांबली नाही. "थांब म्हणालो की! घरात अडचण हाय." ती बागेचं सांगत होती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. कसलंही इंजिन असू दे, डिझेल कमी केलं की त्याचा आवाज बदलतो. मशीन असून जाब देतं. आणि हिला मी थांब म्हटलं, अडचण सांगितली, तरी हिचा आवाज केसभर बदलला नाही. मी तांबडं बटण दाबलं. व्याह्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मला मात्र कुणाच्या तरी तोंडावर दार लावल्यासारखंच वाटलं.

पुन्हा वाजला. भविष्यवाला बुवा. "थांबा," मी म्हटलं. थांबला नाही. ठेवला.

पुन्हा वाजला. कर्जवाली. "थांब," मी म्हटलं.

आणि ती थांबली!

"हो काका, बोला ना," म्हणाली.

मी घाबरलो. "तू माणूस हाईस?"

"म्हणजे काय काका? आहे ना."

"मग ठेव गं बाई. माझी पोरगी दवाखान्यात हाय, तिचा फोन यायचाय."

"अगं बाई. ठेवते काका. काळजी घ्या हं." आणि ठेवला तिनंच. व्याही म्हणाले, "चांगली हुती पोरगी." आता हे काय म्हणायचं? माणूस होती, तरी नको होती, आणि तरी चांगली होती.

नंतर बराच वेळ काही नाही. बायकोनं चहा केला, तो तिघांनीही घेतला नाही. मग वाजला. आकडा इवलासा. उचलला. आधी काहीच आवाज नाही. मग घरघर. मग एकदम कुणीतरी जोरात बोलायला लागलं, अर्धं तुटकं.

"थांब," मी म्हटलं.

आवाज थांबला नाही. बोलतच राहिला. मी पुन्हा म्हटलं, "थांब!" तरी चालूच. माझा अंगठा तांबड्या बटणावर गेला.

"न्हाय थांबत!" फोनमधून आलं. "दोन दिस झालं लावतोय मी! किती थांबू? फोन हाय का दगड हाय तो? आईला द्या आधी!"

बारकी होती तेव्हापासून थांब म्हटल्यावर ती कधी थांबली नव्हती. सायकलच्या मागं, मोपेडच्या मागं, रस्त्यापर्यंत पळत यायची. मी म्हटलं, "हां. बोल." आवाज पोचायला उशीर, म्हणून ती अजून मला रागावतच होती. मी फोन बायकोच्या हातात दिला.

मायलेकी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. व्याही पण आले. आम्ही दोघं गटारीकडं बघत बसलो.

दिवेलागणीला पुन्हा वाजला. आकडा निराळाच. मी उचलला, म्हटलं, "थांब."

पलीकडं शांत. काहीच नाही. घरघर तेवढी. मी वाट बघितली. बायको माझ्या तोंडाकडं बघत होती, व्याही उठून उभे राहिले. ठेवावा का? लाईन तुटली का? जाब तर काहीच नाही.

"कोण हाय तिकडं?" मी ओरडलो. "बोला की!"

उशिरानं आवाज आला. जावयाचा. "आबा, तुमीच थांब म्हणालासा."

"बोला पावणं, बोला!"

"मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत."

मी काही म्हणायच्या आत बायकोनं फोन काढून घेतला. बोलून झाल्यावर डोळे पुसत तो माझ्या बंडीच्या खिशात ठेवला, वर बटण लावलं आणि म्हणाली, "आता नातीलाबी थांब म्हणत बसू नका."

"ती तरी कुठं थांबणार हाय?" व्याही म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.